कारणाचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

खारूचं पत्र आलं. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन आम्ही चहा पितो, तेव्हा मी तिचं पत्र मोठ्यानं वाचते आणि हे काचा पुसत ऐकतात. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. चष्म्याचं दुकान आहे, पुसायला काच नाही असं अडतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.

पत्रांची सवय सिस्टरनी लावलेली. बोर्डिंगात दर पंधरवड्याला घरी एक पत्र, कागद दोन्ही बाजूंनी भरलेला, तक्रारीचा सूर नको. शाळा सुटली, खारू एका दिशेला गेली, मी दुसऱ्या, आणि घरी लिहायची पत्रं आम्ही एकमेकींना लिहायला लागलो. दोघींकडे फोन आहे, पण तो फक्त जन्माला आणि मरणाला.

तिनं न्हाणीघरात नवीन फरशी बसवली आहे. लिहिते, 'गवंडी बारा गावचं पाणी प्यायलेला आहे. मधल्या चार फरश्या वाकड्या बसवल्यान् आणि वर मलाच म्हणतो, बाई, सूत धरून लावल्यात. मी स्वतः सूत धरलं. गोगे, सूतसुद्धा वाकडं!'

मी इतकी हसले की चहा सांडला. खारूचं आणि कारागिरांचं जन्मात पटलेलं नाही. हे मात्र हसले नाहीत. हातातली काच तशीच धरून म्हणाले, "ते फरशीचं परत वाच."

परत वाचलं. तरी हसले नाहीत. यांना विनोद उशिरा कळतो.

पत्राच्या शेवटी नेहमीचंच. 'आता तरी ये. मार्च उजाडायच्या आत ये. पोटातले पाय बाहेर काढ.' शाळेत ती मला गोगलगाय म्हणायची आणि मी तिला खार. सगळ्या वर्गाला वाटायचं, ही गरीब गाय कुणाच्या अध्यात ना मध्यात. खारूला तेवढं माहीत होतं की पाय आहेत, फक्त निघत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गर्दी. पन्नाशीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला चौकड्यांचा कागद दाखवायचं काम माझं. साधा कागद असतो, उभ्या-आडव्या रेघांचा, मधोमध एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. मधल्या रेघा वाकलेल्या किंवा पुसलेल्या दिसल्या तर आम्ही चष्मा देत नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडतो. पडदा खराब होत असतो आतला, तो भिंगानं सुधारत नाही. हजारो माणसांना दाखवला असेल मी हा कागद. आज एका निवृत्त पोस्टमास्तरांना दाखवला. रेघा सरळ दिसल्या, तर त्यांनी मला आशीर्वादच दिला.

संध्याकाळी पाहिलं तर त्या कागदांच्या गठ्ठ्यातला एक कमी. काल मोजून ठेवलेले. वन्संनी किराणा लिहायला घेतला असणार. त्यांना कुठल्याही कागदाची मागची बाजू रिकामी दिसली की हात शिवशिवतात. विचारलं तर म्हणाल्या, "मी? तुमच्या त्या चौकटीत माझा किराणा मावतो तरी का वहिनी?"

८ फेब्रुवारी, शनिवार

खारूला उत्तर लिहिलं. येईन म्हटलं, पण या महिन्यात नाही. फ्रेमांची वार्षिक मोजदाद आहे. शिवाय गिऱ्हाइकांची कार्डं. ती मी आडनावानं लावत नाही, नाकानं लावते. अरुंद नाकं वरच्या खणात, बसकी मधल्यात, चष्मा घसरणारी खाली. माणूस दारातून आत आला की कार्ड माझ्या हातात असतं. दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. मग गुडघा आहे. मधेच गाडी बदलायला लागते, ते आहे. यांना सकाळच्या गोळ्या हातात द्याव्या लागतात. वन्संना एकट्यानं गॅसची भीती वाटते.

पत्र दोन्ही बाजूंनी भरलं. बंद करताना वाटलं, यात खारूबद्दल एक ओळ नाही.

पण प्रत्येक गोष्ट खरी आहे. मी खोटं कधी लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

यांच्या नावानं दुकानात एक पाकीट आलं. मी गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी वाकवत होते, त्यामुळे नीट बघता आलं नाही. यांनी उभ्याउभ्या वाचलं, आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. त्या खणाला कुलूप आहे हेच मला माहीत नव्हतं.

"कुणाचं?" म्हटलं.

"भिंगवाल्यांचं. ते नेहमीचं."

दुपारी चहा घेताना म्हणतात, "तू तिच्याकडे जाऊन ये ना. या महिन्यातच."

मला ठसकाच लागला. अडतीस वर्षांत हा माणूस मला कधी 'जाऊन ये' म्हणाला नाही. जाऊ नको असंही नाही म्हणाला. जाण्याचा विषय आमच्यात दुधावरच्या सायीसारखा, कुणी हलवला नाही म्हणून तसाच.

"मोजदाद कोण करणार?"

"मी करेन."

"आणि कार्डं?"

"अगं, नाकंच आहेत, पळून नाही जाणार."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नीट झाली नाही. पाकीट कुणाचं? भिंगवाल्यांची पाकिटं खाकी असतात, हे पांढरं होतं. पांढरी पाकिटं दवाखान्यातून येतात. हे मागच्या महिन्यात दोनदा 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले होते ते कुठे? जिना चढताना हल्ली मधे थांबतात. यांना काहीतरी झालंय, आणि मी जवळ नको म्हणून मला धाडतायत.

हे आंघोळीला गेल्यावर गोळ्या मोजल्या. बरोबर आहेत. म्हणजे वेळेवर घेतायत. म्हणजे घाबरलेत.

सरळ विचारलं, "अहो, तुम्हाला काही झालंय का? खरं सांगा."

"मला? मला काय धाड भरलीय?"

ज्याला काही झालेलं असतं तो असंच म्हणतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खारूचं पत्र. अक्षर एवढाले डब्बे, जाड काळ्या पेनानं काढलेले, ओळ वाटेत ढेकूळ आल्यासारखी मधेच वर जाऊन खाली येते. एका पानावर पाच ओळी. शाळेतही तिचं अक्षर असंच उनाड होतं. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी चालत्या घोड्यावर लिहिते. आणि मलाच सुनावते, 'तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. कागद काय विकत घेतेस की काय? मोठं काढ.' डॉक्टरकडे गेली होती म्हणे. 'विशेष काही नाही, वय.' गवंड्याची मात्र तिनं माफी मागितली. खारूनं माफी मागितली! जगबुडी जवळ आली.

मी वाचून झाल्यावर यांनी पत्र मागून घेतलं. नुसतं धरून बसले. उजेडाकडे करून बघितलं, नोट खरी की खोटी बघतात तसं.

आज तिची फार आठवण येते आहे. बोर्डिंगच्या फाटकाशी एक वही असायची, जाण्याची वही. रविवारी बाहेर पडायचं तर तिच्यात लिहायचं. नाव, कुठे, कारण, परत कधी. चार रकाने. सिस्टर स्वतः चष्म्यावरून वाचायच्या. माझी कारणं सुवाच्य असायची. दात. बुटाचा तळ. मावशी आजारी. खारूनं एकदा कारणाच्या रकान्यात 'सहज' लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, हे कारण नव्हे. ती म्हणाली, सिस्टर, पण खरं आहे. तीन रविवार आत कोंडलं तिला.

त्या रविवारी आम्ही दोघी जाणार होतो. टेकडीपलीकडे आगगाडीचा पूल होता तो बघायला. माझ्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी नाही गेले. खरंच दुखत होतं. ती तिन्ही रविवार खिडकीत बसून होती आणि मी तिच्या शेजारी बसायला गेले की सरकून जागा द्यायची. एकदाही बोलली नाही की तू यायला हवं होतंस.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे स्वतः स्टेशनावर जाऊन तिकीट काढून आले. पुढच्या गुरुवारचं. मला न विचारता! मी रडले. रागानं की कशानं, माहीत नाही.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, भाऊ तुम्हाला फाशीला धाडत नाहीये."

"तुम्हाला काय होतंय बोलायला. गाडी बदलायची आहे मधे. चुकली तर?"

"चुकली तर दुसरी येईल. रोज येतात म्हणे."

"आणि गुडघा?"

"तो तुमच्याबरोबरच येईल, मागे नाही राहायचा."

"बॅगेची चेन बिघडलीय."

"ती मी काल बदलली." वन्सं शिवणशाळेत तीस वर्षं शिकवत होत्या, चेन म्हणजे त्यांना डाव्या हातचा मळ. वर म्हणतात कशा, "नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगणही मी झाडून दिलंय. नाचा."

बोलणं सोपं असतं. वन्संना कुठेही झोप लागते. मला दुसऱ्याच्या घरी उशी बदलली की मान धरते. आणि खरं लिहायचं तर वेगळीच भीती आहे. शेवटचं आम्ही भेटलो तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. ती आली होती, मी नव्हते गेले. तिच्या मनातली मी अजून ती आहे, वेणीची. आता दारात ही बाई उभी राहिली, दोन हनुवट्यांची, तर?

लेकीला फोन केला. वाटलं, ती तरी म्हणेल, आई, कशाला या वयात. ती म्हणाली, "आई, तू मी पाचवीत असल्यापासून जाणार आहेस."

२६ फेब्रुवारी, बुधवार

सामान भरलं, काढलं, भरलं. शाळेत ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवायची पद्धत होती. तशी केली. रुमाल सहा. मोजे दोन. गोळ्या. टॉर्च. दोरी. दोरी कशाला, ते लिहिताना कळलं नाही, पण असू दे.

यांनी एक पुडकं दिलं. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं, पितळी मुठीचं भिंग, हातावर मावणार नाही एवढं. गेले चार दिवस मागच्या खोलीत घासत होते ते हे.

"तिच्या हातात दे. बॅगेत विसरू नको."

"तिला कशाला एवढं मोठं?"

"साठीला लागतंच सगळ्यांना."

मला करून दिलं नाहीत ते कधी, असं ओठावर आलं होतं. गिळलं. यांची तब्येत अशी, आणि मी हेवा करतेय एका भिंगाचा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेले नाही.

जसं झालं तसं लिहिते. हे सोडायला आले होते, पण दुकानात सकाळीच डॉक्टरांनी धाडलेली गिऱ्हाइकं यायची होती, म्हणून मीच त्यांना परत पाठवलं. गाडीला पंचवीस मिनिटं होती. बाकावर बसले. तिकीट बघितलं. पर्समध्ये ठेवलं. ठेवलंय ना, बघितलं. असं चार वेळा. गाडी आली. माझ्यासमोरच डबा थांबला, दारातल्या एका बाईनं हातसुद्धा पुढे केला, "द्या बॅग." मी म्हटलं, "गुडघा धरलाय, जरा थांबते." तिनं थांबून बघितलं. गाडी थोडीच थांबते. गेली.

मग फार शांत वाटलं. लाज वाटावी इतकं.

नंतर बॅग उचलून पूल चढले. बेचाळीस पायऱ्या. वर पोचल्यावर लक्षात आलं, गुडघा दुखत नव्हता. अजिबात दुखत नव्हता. कठड्याला धरून मी उभी राहिले आणि गाडी गेली तिकडे बघत बसले. रूळ तेवढे होते.

दुकानात आले तर वन्सं काउंटरवर, हातात कार्ड, एका बाईंना सांगत होत्या, "तुमचं नाक मधल्या खणात आहे, बसा." चारच दिवसांत शिकल्या होत्या. हे मागून आले. मला वाटलं, आता हायसं वाटेल यांना, मी जवळ आहे म्हणून. यांनी मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. चेहरा असा झाला की मी पाण्याचा पेला आणायला धावले.

"अगं," एवढंच म्हणाले, "आज जायला हवं होतंस."

"आजच का?"

यांनी जवळची एक काच उचलून पुसायला घेतली. मग म्हणाले, "सहज म्हटलं."

अडतीस वर्षांत हा माणूस सहज काही बोललेला नाही.

२ मार्च, रविवार

दुकान बंद. माळ्यावरून माझ्या जुन्या दैनंदिन्या काढल्या. खारूचं लग्न कुठल्या साली, एवढंच बघायचं होतं.

तिच्या लग्नाला: 'सासूबाईंचं पथ्य. जाता येत नाही.' तिच्या मुलाच्या वेळी: 'लेकीला दात येतायत.' तिचे यजमान गेले तेव्हा: 'दुकानात रंगकाम. पंधरा दिवसांनी नक्की.' पंधरा दिवसांनी: 'प्रवासाचं हवामान नाही.' पुढच्या वर्षी: 'गाडी बदलायला लागते, गुडघ्याला झेपेल का.' तारीख बघितली. तेव्हा मी चाळीस वर्षांची होते. गुडघा दुखायला लागला साठीला. म्हणजे गुडघा दुखायच्या वीस वर्षं आधीपासून मी गुडघ्यामुळे गेले नव्हते.

जमिनीवर बसूनच राहिले. सगळी अक्षरं सुवाच्य. प्रत्येक कारण सिस्टरनी मान्य केलं असतं.

मग वाटलं, आता जायला एक चांगलं कारण शोधावं. तिचा वाढदिवस? तो ऑगस्टात. तिची तब्येत? विशेष काही नाही, वय. या पानाच्या खाली चार रकाने आखले. नाव लिहिलं. कुठे, लिहिलं. कारणात 'भेट' लिहिलं, खोडलं. 'तिनं बोलावलं' लिहिलं, खोडलं. पंचेचाळीस वर्षं बोलावते आहे, आजच काय झालं? काहीच झालेलं नाही. मला जायचंय, हे कारण नव्हे.

यांना म्हटलं, "तिकीट काढा. गुरुवारचं."

यांनी खिशातून काढून समोर ठेवलं. परवाच काढलेलं.

"आणि तुमची तब्येत?"

"माझ्या तब्येतीची शपथ घालतो तुला. जा."

६ मार्च, गुरुवार, गाडीत

अक्षर हलतंय. सिस्टर म्हणाल्या असत्या, चालत्या घोड्यावर.

बसले. कशी बसले ते लिहिण्यासारखं नाही. वन्संनी बॅग आत फेकली, मग मला बॅगेमागे जावंच लागलं. खिडकीतून ओरडल्या, "गॅस मी बंद करीन, पाणी मी घालीन, भावाला गोळ्या मी देईन, आता राहिलं काय?" मला खरंच काही आठवलं नाही. हे फलाटावर नुसते उभे, हातात माझा जुना रुमाल. तो हलवायला विसरले.

समोरच्या बाई परिचारिका आहेत, रजेवरून परत निघाल्यात. म्हणाल्या, "पहिल्यांदा एकट्या?" मी म्हटलं, "इतकं दिसतं का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बॅग मांडीवर घेतलीय, वर एवढी जागा असताना."

बॅग वर ठेवली. दर दहा मिनिटांनी वर बघते.

जंक्शनवर

हेच ते जंक्शन. वीस-तीस वर्षं मी याच्या नावानं घाबरले. दोन फलाट आहेत, एक नळ आहे आणि बाकाखाली एक कुत्रं झोपलंय. कुत्र्याला कसलीही चिंता नाही. पुढच्या गाडीचा फलाट तीन जणांना विचारला. तिसरे हमाल होते. म्हणाले, "बाई, हाच. मघाशी त्या साहेबांना विचारलंत तेव्हाही हाच होता."

अजून परत जायची गाडी आहे. सव्वातीनला. बघून ठेवली आहे. लिहून ठेवते, म्हणजे खोटं बोलल्यासारखं नको.

तीन वाजून वीस मिनिटं. ती गेली. मी बसून राहिले.

७ मार्च, शुक्रवार

सकाळ. खारूचं स्वयंपाकघर. ती अजून उठलेली नाही. उशी बदलूनही मला झोप लागली, मान धरली नाही.

काल सूर्य मावळायच्या सुमारास उतरले. फलाटावर दहा-बारा माणसं. ती घड्याळाखाली उभी होती, निळ्या शालीत, आणि मला लांबूनच ओळखू आली. खारीसारखी पुढच्या पावलांवर उभी राहायची सवय गेली नाही. मी हाक मारली, "खारू!"

"आवाज तोच," ती म्हणाली, "जवळ ये."

गेले. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. मान फिरवून माझ्या कानापलीकडच्या खांबाकडे बघत राहिली. वाटलं, रुसली. एवढ्या वर्षांनी, मागच्या आठवड्यात येते सांगून न येता. रुसणारच. वाटलं, दोन हनुवट्या बघवेनात तिला.

"रागावलीस?"

"गप. बघू दे मला."

"मग बघ की. खांबाकडे काय बघतेस?"

तिचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला. "त्यांनी तुला सांगितलं नाही?"

"कुणी? काय?"

"तुझ्या नवऱ्यानं. काहीच नाही सांगितलं?"

"अगं, काय सांगायचं होतं?"

"मग तू का आलीस?"

गाडीत मी तयार केलेली कारणं होती, तीन-चार. एकही आठवलं नाही. म्हटलं, "काही नाही. सहज."

खारू हसायला लागली. हसता हसता तिनं माझे दोन्ही कान धरले, शाळेत धरायची तसे, आणि तोंड माझ्या खांद्यात खुपसलं. शाल ओली झाली. माझी की तिची, कळलं नाही.

मग चालताना सांगितलं. समोर बघितलं की मधे राखाडी डाग. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. "तुझ्याकडे बघितलं की तू जातेस. खांबाकडे बघितलं की कडेनं येतेस. म्हणून रुसल्यासारखी दिसते मी सगळ्यांना. परवा भाजीवाली म्हणाली, बाई, माझं काय चुकलं?"

मी रस्त्यातच थांबले. वाकड्या फरश्या. वाकडं सूत. डब्ब्याएवढी अक्षरं, मधे उचललेली ओळ. हजारो लोकांना मी तो कागद दाखवला, आणि पत्रातून घरी आलेला तोच कागद वाचून दाखवत हसले. यांनी दोनदा ऐकलं आणि गठ्ठ्यातला एक कागद तिला पाठवला. ते पांढरं पाकीट तिचं होतं. आत तोच कागद, तिला दिसल्या तशा रेघा तिनं वर गिरवलेल्या, आणि खाली यांना शपथ घातलेली, मला सांगायचं नाही.

"उशीर झाला होता तोवर," ती म्हणाली. "डावा मागच्या शनिवारी गेला. आत रक्त आलं म्हणतात. उजव्याच्या कडा आहेत अजून. कडा राहतील."

शनिवार. मी त्या गुरुवारी गाडीत चढले असते तर दोन्ही डोळ्यांनी मला बघितलं असतं तिनं. शुक्रवार, आणि शनिवारची सकाळ.

"मोजू नकोस," खारू म्हणाली.

"मोजत नाहीये."

"मोजतेस. तुझे ओठ हलतात. तेवढं दिसतं मला."

मग मी चिडले. फार चिडले. रस्त्यात ओरडले तिच्यावर. "कळवलं का नाहीस? यांना शपथा घालतेस, मला नाही सांगत? दुसऱ्या दिवशी आले असते मी!"

"आली असतीस. डोळ्यांना बघायला आली असतीस, फळं घेऊन. तुला कारण मिळालं असतं ना." ती खांबांकडे, झाडांकडे, कुठेकुठे बघत चालत होती, आणि मधूनमधून मी तिला दिसत होते. "मला एकदा तू उगाच यायला हवी होतीस, गोगे."

"आणि नसते आले तर?"

"मग नसतीस आली."

तिनं सरकून मला रस्त्याची आतली बाजू दिली.

घराच्या दारात एक स्टूल, त्यावर वही. जाड मार्करनं आखलेली, रेघा भलत्याच तिरप्या. चार रकाने. म्हणाली, "भर. त्याशिवाय आत सोडायची नाही. सिस्टरांची आण."

उभ्याउभ्या भरली. नाव. कुठे. कारणात तोच एक शब्द, मुंगीचा नाही, पान अडवेल एवढा. तिनं मी दिलेलं यांचं भिंग घेतलं, वही उचलली, मान खिडकीकडे वळवली आणि अशी, पाठमोरी, कितीतरी वेळ वाचत राहिली. एक शब्द.

"हे कारण नव्हे," सिस्टरांच्या आवाजात म्हणाली.

"पण खरं आहे."

"आणि परत कधी?"

माझं परतीचं तिकीट सोमवारचं आहे. यादीत आहे, झाकणाला चिकटवलेलं. दुकानात वन्सं आहेत. यांची तब्येत, आता कळलं, ठणठणीत आहे. पेन हातात होतं. तो रकाना मी रिकामा ठेवला.

खारू खिडकीकडे बघून हसली. म्हणजे माझ्याकडेच.